सह्याद्रीतल्या खेकड्यांचे भाऊबंद ऑस्ट्रेलियात कसे?

'सह्याद्रीत खेकड्याची नवी जात सापडली' ही बातमी गेल्या दहा-बारा वर्षांत अनेकदा येऊन गेली. २०१४ साली 'घाटियाना' नावाचा अख्खा नवा गटच जाहीर झाला. २०१६ साली समीर कुमार पती, तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या पाच नव्या जाती नोंदवल्या. २०१८ साली 'सह्याद्रियाना' हा आणखी एक गट आला, आणि २०२२ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूरकडून 'घाटियाना द्विवर्ण' हा दोन रंगांचा खेकडा. बातमीसोबत नारिंगी, जांभळ्या, पांढुरक्या खेकड्यांचे सुंदर फोटो असतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात हमखास प्रश्न येतो: असले खेकडे आम्ही लहानपणापासून बघतोय, यात नवं काय?

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर आधी या खेकड्यांचं कुल समजून घ्यायला हवं, कारण वरच्या सगळ्या बातम्यांतले खेकडे एकाच कुलातले आहेत. त्याचं शास्त्रीय नाव गेकार्सिन्युसिडी. नाव जड आहे, पण ज्या खेकड्यावरून हे कुल ओळखलं जातं तो आपल्याच डोंगरातला.

व्हिक्टर जॅकमाँ हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १८२९ साली भारतात आला. काश्मीरपर्यंत भटकून तो पुढे दख्खनमध्ये उतरला आणि डिसेंबर १८३२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी मुंबईत वारला. त्याने जमवलेले नमुने पॅरिसला गेले. त्यांतल्या एका खेकड्याचं वर्णन हेन्री मिल्न-एडवर्ड्स यांनी १८४४ साली केलं आणि त्याला नाव दिलं 'गेकार्सिन्युकस जॅकमाँटी'. साठ वर्षांनी, १९०४ साली, वॉशिंग्टनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या मेरी रॅथबन यांनी या खेकड्याला मध्यवर्ती धरून उपकुलाची रचना केली; त्याचंच पुढे कुल झालं. आज या कुलात साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि त्या श्रीलंकेपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या आहेत. त्या साऱ्यांच्या कुलाला नाव मिळालं ते पश्चिम घाटातल्या एका खेकड्यामुळे. हे मराठी माणसांना फारसं ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

कुल, प्रजाती, जाती

शब्द आधी एकदा नक्की करून घेऊ. आपसात प्रजनन करणाऱ्या, एकसारख्या प्राण्यांचा गट म्हणजे जाती. जवळच्या नात्यातल्या जाती मिळून होते प्रजाती. घाटियाना आणि सह्याद्रियाना या प्रजाती आहेत. अनेक प्रजाती मिळून कुल होतं. बातम्यांत 'जाती' आणि 'प्रजाती' यांची अदलाबदल सर्रास होते, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. या लेखात मात्र अर्थ हेच राहतील.

जगातल्या खेकड्यांपैकी बहुतेक समुद्रातले. ज्यांचा सगळा जन्म गोड्या पाण्यात किंवा त्याच्या आसपासच्या ओल्या जमिनीवर जातो, असे खेकडे तेराशेच्या वर जातींचे आहेत आणि त्यांची पाच मुख्य कुलं मानतात. दोन कुलं मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, एक आफ्रिका आणि मादागास्करकडे. चौथं पोटॅमिडी, ते भूमध्य समुद्राच्या परिसरापासून हिमालयमार्गे चीन-जपानपर्यंत जातं. पाचवं आपलं गेकार्सिन्युसिडी. भारतात या शेवटच्या दोन कुलांची वाटणी ढोबळपणे अशी: हिमालय आणि ईशान्येच्या डोंगरांत पोटॅमिडीचं प्राबल्य, दक्षिणेच्या द्वीपकल्पात गेकार्सिन्युसिडीचं. ईशान्येत दोन्ही भेटतात. सह्याद्रीच्या ओढ्यांत आणि सड्यांवर, म्हणजे सपाट कातळपठारांवर, आढळणारे गोड्या पाण्यातले खरे खेकडे मात्र गेकार्सिन्युसिडीच.

बाजारातली खाडीची चिंबोरी या कुलातली नाही. तिचं कुल वेगळं, आणि अंडी सोडायला तिला समुद्राकडेच जावं लागतं. ख्रिसमस बेटावर लाखोंच्या संख्येने समुद्राकडे धावणारे लाल खेकडे चित्रफितींत पाहिले असतील, तेही यातले नाहीत. त्यांच्या कुलाचं नाव गेकार्सिनिडी. एक-दोन अक्षरांचा फरक दिसतो, पण नातं दूरचं आहे.

रंगावर जाऊ नका

मग एक जात दुसरीपासून वेगळी कशी ओळखायची? रंगावरून ओळखता येईल असं फोटो बघून वाटतं, पण रंग फसवतो. एकाच जातीत पिल्लू आणि मोठा खेकडा निराळ्या रंगाचे असू शकतात, आणि संग्रहालयात अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग तर काही काळात उडूनच जातो.

कुल ओळखायला तज्ज्ञ खेकड्याच्या तोंडात पाहतात. जबड्याला एक छोटा, सांध्यांचा अवयव जोडलेला असतो. गेकार्सिन्युसिडीत त्याचा शेवटचा सांधा दोन पाळ्यांत विभागलेला असतो, पोटॅमिडीत तो अखंड असतो. कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात काम केलेल्या आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९१० साली भारतातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची जी मोठी सूची छापली, तिच्यात या खुणेला फार महत्त्व दिलं होतं. ती सूची शंभर वर्षांनंतरही अभ्यासकांच्या हाताशी असते.

जाती ओळखायला मात्र नर खेकडा उलटा करावा लागतो. त्याच्या पोटाखाली दुमडलेली, निमुळती शेपटी उचलली की आत पायांच्या दोन जोड्या दिसतात. त्यांचं रूपांतर प्रजननाच्या अवयवांत झालेलं असतं. त्यांची लांबी, बाक, टोकाचा आकार हे जातीगणिक बदलतात. दोन खेकडे वरून हुबेहूब दिसले तरी हे अवयव वेगळे असतील तर जाती वेगळ्या असण्याची शक्यता मोठी. आता जोडीला डीएनए तपासतात.

'लहानपणापासून बघतोय, यात नवं काय' याचं उत्तर इथे आहे. खेकडा नवा नसतो. तो तिथे लाखो वर्षं आहे आणि गावच्या माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. पण तो शेजारच्या डोंगरातल्यापेक्षा वेगळा आहे हे कुणी पोट उलटून, मोजून, लिहून ठेवलेलं नसतं. 'शोध' म्हणजे ते लिहून ठेवणं. या कामात गावातल्या माणसांची मदत मोलाची असते, आणि शोधनिबंधांत त्यांचं नाव अजून जास्त वेळा यायला हवं असं मला वाटतं.

नावं सारखी बदलतात, मग शास्त्र पक्कं कसं?

हा आक्षेप बऱ्याचदा ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. या कुलाचा इतिहास वाटण्यांचा आणि पुन्हा एकत्र येण्याचा आहे. १९७० साली फ्रँकफर्टच्या रिचर्ड बॉट यांनी मुख्यतः नराच्या त्या अवयवांवर भर देऊन युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या खेकड्यांची बरीच कुलं पाडली. पुढे कळलं की सारख्या राहणीमुळे हे अवयव वेगवेगळ्या शाखांत सारखे घडू शकतात, म्हणजे दिसण्यातलं साम्य नेहमीच रक्ताचं नसतं. डीएनएचा पुरावा हाती आल्यावर, २००९ च्या सुमारास, आग्नेय आशियातल्या खेकड्यांचं वेगळं मानलेलं पॅराथेल्फ्युसिडी हे कुल गेकार्सिन्युसिडीतच विलीन झालं. पश्चिम आफ्रिकेतले काही खेकडे पूर्वी आपल्या कुलात धरले जात; ते आफ्रिकेच्या कुलात परत गेले.

जातींच्या बाबतीतही हेच. २०१६ साली 'गुबरनेटोरियाना' प्रजातीत नोंदवलेला 'ठाकरेयी' खेकडा दोनच वर्षांत 'सह्याद्रियाना'त गेला. पण हे सगळं सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखं आहे. जमीन तीच, नोंद बदलते, आणि जुन्या नोंदीचा माग पुसला जात नाही. जाती दुसऱ्या प्रजातीत गेली की मूळ वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात टाकतात, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्याकडे खाल्ला जाणारा मोठा, काळपट खेकडा 'बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस' याच्या नावापुढे वेस्टवूड हे नाव कंसात असतं. त्यावरून कळतं की वर्णन वेस्टवूड यांचं, पण प्रजाती तेव्हा दुसरी होती. हे वर्णन १८३६ सालचं आहे, आणि त्याला निमित्त झालं दख्खनमध्ये सरकारी माहिती गोळा करत हिंडणाऱ्या कर्नल साइक्स यांचं इथल्या खेकड्यांवरचं टिपण.

आईच्या पोटाखालची पिल्लं

आता या कुलाच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. समुद्री खेकड्याची मादी लाखोंनी अंडी घालते. त्यांतून खेकडा बाहेर पडत नाही; बाहेर पडते ती पाण्यात तरंगणारी, खेकड्यासारखी अजिबात न दिसणारी अळी. ती प्रवाहाबरोबर कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे वाहत जाते आणि जन्मस्थानापासून दूर कुठेतरी खेकड्याचं रूप घेते. म्हणून समुद्री जाती मोठमोठ्या किनाऱ्यांवर पसरलेल्या असतात.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांनी हा प्रवास टाकून दिला आहे. अंडी थोडी, पण मोठी आणि बलकाने भरलेली. अळीच्या सगळ्या अवस्था अंड्याच्या आतच उरकतात आणि बाहेर येतं ते थेट इवलंसं खेकड्याचं पिल्लू. काही काळ ते आईच्या पोटाखाली दुमडलेल्या शेपटीच्या आतच राहतं. पावसाळ्यात मुठे किंवा किरवी धरणाऱ्यांना अशी पिल्लांनी लदबदलेली मादी चांगली माहीत असते. जाणती माणसं तिला परत सोडतात.

याचा परिणाम मोठा आहे. ज्या ओढ्यात जन्म, त्याच्या आसपासच आयुष्य. मधे खोल दरी आली, कोरडं पठार आलं, की पलीकडच्या खेकड्यांशी संबंध तुटतो. हजारो पिढ्या असा दुरावा राहिला की दोन जाती होतात. सह्याद्री तर अशा तुटलेल्या माथ्यांचाच बनलेला आहे. घाटियानासारखे खेकडे वाहत्या ओढ्यातही राहत नाहीत. कातळातल्या भेगा, जांभ्याच्या सड्यांवरची भोकं, झाडांच्या ढोल्या हे त्यांचं घर. अशा जातीचा सगळा मुलूख एखाद-दुसऱ्या पठाराएवढा असू शकतो. श्रीलंका बघा: एवढ्याशा बेटावर गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पन्नासच्या आसपास जाती, सगळ्या याच कुलातल्या, आणि जवळपास सगळ्या जगात इतरत्र कुठेही नसलेल्या.

मग हे गोंडवनाचे वारसदार का?

पोहून जाता येत नाही, तरंगणारी अळी नाही, आणि तरी एकच कुल भारत, श्रीलंका, म्यानमार, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियात. शाळेचा भूगोल आठवणारा लगेच म्हणेल, भारत आणि ऑस्ट्रेलिया पूर्वी गोंडवन या एकाच महाखंडात होते, खेकडे तेव्हापासूनचे असणार. तर्क सुरेख आहे. बराच काळ अभ्यासकांनाही तो पटत होता.

पण पुरावा तसं सांगत नाही. सेबास्टियन क्लाउस आणि सहकाऱ्यांनी २०१० साली या कुलातल्या खेकड्यांचा डीएनए तपासला. दोन शाखा कधी वेगळ्या झाल्या असाव्यात याचा अंदाज डीएनएतल्या फरकांवरून बांधता येतो. त्यांचा निष्कर्ष होता की हे कुल गोंडवनाच्या प्राचीन जीवसृष्टीचा भाग नाही. त्याची भारतीय शाखा, म्हणजे जॅकमाँच्या खेकड्याची शाखा, भारतीय उपखंडात घडली आणि तिचे काही वंशज इथून आग्नेय आशियात गेले. काळ मध्य इओसीन, म्हणजे ढोबळमानाने ४ कोटी ८० लाख ते ३ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा.

मला यातली सगळ्यात थरारक गोष्ट वाटते ती ही की भारताची तिबेटच्या बाजूशी अखेरची टक्कर तेव्हा झालेली नव्हती. भारत उत्तरेकडे सरकत होता. हिमालय आज दिसतो तसा नव्हता. मग समुद्राला भिणारे खेकडे पलीकडे गेले कसे? उत्तर असं सुचतं की उत्तरेकडे जाताना भारताचा ईशान्य कोपरा आग्नेय आशियाच्या अगदी जवळून गेला, आणि खेकड्यांना ओलांडता येईल इतकं सान्निध्य काही काळ निर्माण झालं. खंडांच्या हालचालींचा असा पुरावा सहसा खडकांत आणि चुंबकीय खुणांत शोधतात. इथे तो ओढ्यातल्या एका भित्र्या प्राण्याने जपून ठेवला आहे.

ऑस्ट्रेलियातले खेकडे आपल्या खेकड्यांचे थेट वंशज नव्हेत. ते दूरचे चुलत, आग्नेय आशियाकडच्या शाखेचे. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली जाई, तेव्हा सुमात्रा, जावा आणि बोर्निओ आशियाच्या मुख्य भूमीला जोडले जात, न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला आणि श्रीलंका भारताला. न्यू गिनीपर्यंत पोचलेल्या खेकड्याला ऑस्ट्रेलियात पायीच जाता आलं असतं. सुलावेसीसारखी बेटं कायम पाण्याने वेढलेली राहिली; तिथे मात्र वाहत जाणारे ओंडके, मुळांसकट वाहिलेली झाडं असा क्वचित घडणारा योगच मानावा लागतो. लाखो वर्षांत असा योग काही वेळा आला तरी पुरतो.

ऑस्ट्रेलियात खरोखर गोंडवनाचे वारसदार असलेले कवचधारी आहेतच, पण ते खेकडे नव्हेत. पॅरास्टॅसिडी कुलातले गोड्या पाण्यातले क्रेफिश हे लांबट, झिंग्यासारखे प्राणी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. भारतात आणि आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर ते मूळचे नाहीत. दोन कुलांचे नकाशे शेजारी ठेवले की दोन निराळ्या काळांच्या गोष्टी दिसतात.

बिळं, बांध आणि तिवरे

खेकड्यांची सगळ्यात मोठी बातमी शास्त्राची नव्हती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, घरं आणि माणसं वाहून गेली. त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचं सांगितलं आणि राज्यभर संताप उसळला.

खेकडा मातीत बीळ करतो हे खरं आहे. उन्हाळा तो त्या बिळाच्या ओलाव्यातच काढतो, आणि भाताच्या खाचरांचे बांध त्याच्यामुळे गळतात हे कोकणातला प्रत्येक शेतकरी जाणतो. पण हा खेकडा सह्याद्रीच्या ओढ्याओढ्यात आहे आणि त्याची सवय माणसांना माहीत नाही असा काळ नव्हता. सह्याद्रीत मातीचं धरण बांधणाऱ्याने बिळं पडणार हे धरूनच चालायला हवं. गळती दिसली की तपासणं आणि दुरुस्त करणं हे माणसांचं काम. कोणत्या जातीचं बीळ किती खोल जातं, कोणत्या मातीत जातं, हे माहीत असेल तर त्या कामाला मदतच होईल, आणि तेवढ्यासाठी तरी जातींची नोंद नीट हवी.

नावाचा डॉक्टरला काय उपयोग?

मणिपूर आणि आसपासच्या राज्यांत फुप्फुसातल्या चपट्या कृमीचा आजार आहे. हा कृमी खेकड्याच्या शरीरात वाढतो आणि खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाल्ला की माणसात येतो. रुग्णाला खोकला येतो, थुंकीतून रक्त पडतं. लक्षणं क्षयासारखी असल्याने क्षयाचे उपचार चालू होतात आणि गुण येत नाही. तिथे हा कृमी वाहणारा एक खेकडा आपल्याच कुलातला आहे. जुन्या लेखांत तो 'बॅरिटेल्फ्युसा ल्युगुब्रिस' म्हणून येतो, आज त्याची प्रजाती 'मायडेलिॲथेल्फ्युसा' आहे. दोन्ही नावं एकाच प्राण्याची हे कळलं नाही तर जुना अभ्यास नव्याला जोडताच येणार नाही. खेकडा नीट शिजवला की कृमी मरतो. आपल्याकडे रस्सा उकळूनच होतो, ते उत्तमच.

खायचे की वाचवायचे?

ज्याचा रस्सा होतो तो क्युनिक्युलॅरिस मोठ्या प्रदेशावर पसरलेला आहे. पिल्लं घेतलेल्या माद्या सोडल्या, ओढ्यात विषारी औषध टाकून मासेमारी केली नाही, तर पावसाळ्यातल्या चार जेवणांनी तो संपणार नाही.

धोका आहे तो ताटात कधीच न येणाऱ्यांना. २००९ साली जगभरातल्या गोड्या पाण्याच्या १,२८० जातींचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतल्या जवळपास निम्म्या जातींबद्दल धोका आहे की नाही हे ठरवण्याइतकीही माहिती नव्हती. ज्या खेकड्याचा मुलूख एका सड्याएवढा, त्याच्या सड्यावर चिऱ्याची खाण निघाली, रस्ता झाला, पठार सपाट करून बंगले उभे राहिले, तर त्याला जायला दुसरी जागा नाही. जन्मला तिथेच राहणारा प्राणी आहे तो. आणि त्याची नोंदच झालेली नसेल तर खाणीच्या परवानगीच्या कागदात त्याचा उल्लेख कुणी करणार तरी कसा?

म्हणून पावसाळ्यात सड्यावर किंवा घाटातल्या कातळावर अनोखा खेकडा दिसला तर तो उचलून घरी आणू नका. वरून, समोरून आणि जमल्यास पोटाच्या बाजूने फोटो घ्या, तारीख टिपा, तो पाण्यात होता, भेगेत होता की झाडाच्या ढोलीत हे लिहा, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राकडे किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवा. दुर्मिळ वाटणाऱ्या खेकड्याचं नेमकं ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर जाहीर करू नका. रंगीत खेकडे हौशी संग्राहकांनाही हवे असतात.